तपासणीला बसलेला फोन

मित्रांनो, मी भद्रावतीच्या दारूगोळा फॅक्टरीच्या कॉलनीतला एक जुना मोबाईल आहे. माझा पडदा दोन ठिकाणी फुटला आहे, पण मला सगळं आठवतं. हाच माझा गुन्हा.

मी ज्या डब्यातून आलो, तो इंदुताईंनी सुईदोऱ्याला घेतला. त्यांच्या मयुरीची अकरावी टाळेबंदीत माझ्यावरच झाली. तेव्हा घरात माझं फार कौतुक होतं.

खंडेनवमीला कॉलनीच्या मंडळानं थर्माकोलचा बॉम्ब करून त्याला झेंडूचा हार घातला. शेजारी मयुरीचे बाबा, मुखरूभाऊ, छाती काढून उभे राहिले. मी फोटो काढला. मयुरीनं तो सोशल मीडियावर सगळ्यांना दिसेल असा टाकला आणि वर लिहिलं, 'माझे बाबा रोज बॉम्ब बनवतात. अभिमान आहे.'

पुढे तिला अमेरिकेत शिकायला प्रवेश मिळाला. व्हिसाच्या अर्जात पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी खाती मागितली होती, तीही कुणालाही बघता येतील अशी उघडी ठेवून. तिनं माझ्यावर तो खंडेनवमीचा फोटो शोधून काढला.

"काढून टाक तो फोटो, बेटा," मुखरूभाऊ म्हणाले.

"काढला तर म्हणतील, लपवून राह्यली."

"मंग राहू दे."

"बॉम्ब दिसून राह्यला ना, बाबा."

शेजारचा पोरगा आदेश म्हणाला, "भाऊ, तिकडं या तपासणीवर कोर्टात केस चालू आहे म्हणते. एक जज थांबवते, वरचा चालू करते."

"आपल्या मुलाखतीच्या तारखेले कोणता जज राहीन?" मुखरूभाऊंनी विचारलं.

आदेश आपल्या फोनात शोधू लागला.

"थर्माकोलचा आहे, तसं लिहून दे खाली," मुखरूभाऊंनी तोड काढली. मयुरीनं लिहिलं, 'हा बॉम्ब थर्माकोलचा आहे. खरे बाबा फॅक्टरीत बनवतात.' मग तिनं ते पुन्हा वाचलं.

त्या दिवसापासून इंदुताई मला पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावू लागल्या. मी कुणाला काही सांगत नाही, मित्रांनो. निदान मला तसं वाटतं. माझ्या आतून काय कुठे जातं, ते मलाही कळत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

मुंबईत व्हिसाच्या मुलाखतीला मला आत नेऊ दिलं नाही. तपासणी माझी, आणि मी बाहेर चहावाल्याकडे. मयुरी एक कागद घेऊन आली: चौकशी बाकी आहे, थांबा. दोन महिने झाले. मी वाजलो की ती दचकते.

परवा मुखरूभाऊ निवृत्त झाले. गळ्यात हार, हातात नारळ. मयुरीनं मला समोर धरलं, तसे ते हार काढत बाजूला सरकले.

"तू एकटीच राह्य फोटोत," ते म्हणाले. "मी नाई बरा."

मित्रांनो, आम्हाला कव्हर घाला, चार्ज करा, पाण्यापासून जपा. पण माझ्यासमोरून कुणाच्या बापाला असं सरकावं लागू नये, एवढं बघा. त्या फोटोत मयुरी अगदी कडेला उभी आहे. बाबांची जागा तिनं मोकळी सोडली आहे.