गाद्या सोमवारी काढल्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. गवळ्याने दूध ओतलं की मी भांड्यात डोकावतो. कुणी विनाकारण गोड बोललं तर दोन दिवस त्याचं कारण शोधत बसतो. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला मी लॉरी चालवली, तिथे या स्वभावामुळेच जिवंत राहिलो असं मी लोकांना ऐटीत सांगायचो. आता सांगत नाही.

त्रेचाळीस साली मी कऱ्हाडला शरच्चंद्र डॉक्टरांच्या मोटारीवर होतो. पेट्रोल मिळत नव्हतं. गावातल्या बाकीच्या मोटारी विटांवर चढवून ठेवलेल्या, डॉक्टरांची म्हणून आमची तेवढी रस्त्यावर. तिच्या गाद्या अस्सल कातड्याच्या, तांबूस तपकिरी. डॉक्टर कधी सभेला गेले नाहीत की त्यांनी कधी घोषणा दिली नाही, पण डोंगरात लपलेल्या भूमिगत पोरांपैकी कुणी जखमी झालं की निरोप त्यांनाच यायचा आणि गाडी मी काढायचो. निरोप आणायचे हंबीरराव. नदीकाठी त्यांचा मोठा ऊस, त्यामुळे त्यांच्या मळ्यावर कोण आलं कोण गेलं याची कुणी चौकशी करत नसे. आम्ही तिघे सोडून ही गोष्ट चौथ्या कानाला ठाऊक नव्हती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका बुधवारी इस्लामपूरच्या बाजूला गोळीबार झाला. एका पोराच्या खांद्यातून गोळी गेली. डॉक्टरांनी त्याला मागच्या गादीवर बसवलं, वरून शाल गुंडाळली, गालाला फडकं बांधलं आणि दाढ दुखणारा पेशंट म्हणून भर दुपारी सांगलीला पोचवलं. सांगली संस्थानात पडते. आमच्या हद्दीतल्या पोलिसांना तिथे परस्पर हात घालता येत नसे. पोरगा वाचला. दिवेलागणीला आम्ही घरी आलो आणि मी मागचं दार उघडलं, तर गादीच्या पाठीवर, खांद्याच्या उंचीला, वीतभर डाग. रक्त शिवणीतून आत झिरपून वाळलं होतं.

आता कातडं म्हणजे काही धोतर नव्हे, एवढं मला कळायला हवं होतं. पण मी घाबरलो होतो. कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि काथ्याच्या चोथ्याने गादी घसाघसा घासली. सकाळी पाहतो तर रक्ताचा डाग शिवणीत तसाच, आणि त्याच्याभोवती थाळीएवढं कातडं पांढरंफटक पडून तडकलेलं. आधी डाग निरखून पाहिला तर दिसत होता. आता तो मोटारीजवळून जाणाऱ्या म्हशीलाही दिसला असता.

त्यात शुक्रवारी बातमी आली की, बुधवारी इस्लामपूरच्या रस्त्याने कुणाची मोटार गेली याची पोलीस टांगेवाल्यांकडे चौकशी करताहेत. डॉक्टर म्हणाले, "गुंडाला बोलाव."

गुंडा जीनगर. घोड्यांची खोगिरं, लगाम, टांग्यांचा सगळा सरंजाम शिवणारा कारागीर. मी आणि तो एकाच तालमीत वाढलो. त्याच्या लग्नात त्याचा करवला मीच होतो. पण पोलिसांच्या घोड्यांची खोगिरंही त्याच्याच हाताखाली असायची, आणि फौजदाराचा कमरपट्टासुद्धा.

"त्याला खरं सांगून टाकू. माणूस चांगला आहे," डॉक्टर म्हणाले.

"नको डॉक्टरसायेब," मी म्हणालो. "त्याचं चौकीत येनं-जानं हाय. त्याला सांगाल तर आपन दोघंबी जेलात."

डॉक्टरांनी माझं ऐकलं. माझं ऐकायची त्यांना सवय होती.

गुंडा आला. दार उघडून आत वाकला, पांढऱ्या जागेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या पोराला मारलंय.

"ह्यो सोडा कुनी लावला?"

"मी."

"गाढवा, कातडं जितं असतं रं. त्याला खायला लागतं तेल. तू त्याच्यातलं हुतं-नव्हतं तेवढं काढून घेतलंस." मग त्याने शिवण बोटांनी फाकवली, आत पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "आन् हे कशाचं?"

उत्तर मी तयारच ठेवलं होतं. "बाळंतीन हुती. अडली हुती. दवाखान्यात आनली."

गुंडाने शिवण पुन्हा मिटवली. नंतर हसला. "बाळंतिनीचं रगत पाठीला? खांद्यापाशी?"

मी काहीतरी पुटपुटलो, ती आडवी निजली होती म्हणून. तो म्हणाला, "असंल, असंल." त्या "असंल"ने माझ्या मनात जी पाल चुकचुकली, ती मग थांबलीच नाही.

त्याने पुढच्या-मागच्या सगळ्या गाद्या काढायला घेतल्या. मी म्हटलं, एकच खराब झालीय, तेवढीच ने. तर म्हणाला, एकीला तेल पाजलं तर ती वेगळी दिसंल आणि बघणाऱ्याचा डोळा तिथंच जाईल. सगळ्यांना सारखंच केलं पाहिजे. आता विचार केला तर हे वाक्यच पुरेसं होतं. पण तेव्हा मी फक्त एवढंच पाहत होतो की, हा डागाबद्दल जरा जास्तच विचार करतोय. खिळे उपसून त्याने कातडं सैल केलं, आतले घोड्याचे केस मुठीमुठीने बाहेर काढले. रक्ताने चिकटलेला गोळा निघाला, तो मात्र बाकीच्यांत न टाकता फडक्यात बांधून पिशवीत घातला.

"त्यो कशाला?" मी विचारलं.

"हितं कशाला ऱ्हाऊ दे?" तो म्हणाला, आणि गाद्या हातगाड्यावर लादून घेऊन गेला.

शनिवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. काम बघायला म्हणून. खरं तर त्याला बघायला. सोप्यात, उन्हापासून लांब, गाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. गार पाण्यात पिळलेल्या फडक्याने त्याने सगळा सोडा निपटून काढला होता. पांढऱ्या जागेवर काताचं पाणी चढवून रंग परत आणला होता. आता त्याची बायको बनुबाई निखाऱ्यावर एरंडेल आणि मेण वितळवत होती आणि तो ते कोमट असतानाच तळहाताने कातड्यात जिरवत होता. चोथा नाही, ब्रश नाही. "हाताची ऊब लागती त्याला," म्हणाला. "चार डाव पाजायचं. मधी एक एक दीस सावलीत सोडायचं. घाई केली की चिकाट हुतंय." थाळीएवढा तो पांढरा डाग कुठे होता हे मलाही शोधावं लागलं. मी खूश व्हायला हवं होतं. मी पिशवी शोधत होतो. ती खुंटीवर नव्हती.

"बुधवारी कुटं गेलावता रं, गाडी घिऊन?" त्याने मान वर न करता विचारलं.

"कुटं न्हाई."

"मग बरं," तो म्हणाला.

दुपारी मी चौकीवरून चाललो होतो. मुद्दामच. आणि पायरीवर गुंडा बसलेला! शेजारी हवालदार. गुंडाच्या हातात चहाचा कप, मांडीवर तीच पिशवी. हवालदार काहीतरी विचारत होता आणि गुंडा हात नाचवून सांगत होता. दोघे हसले. मी पानाच्या दुकानाआड उभा राहिलो. डॉक्टर डोळ्यांपुढे आले, हातात बेड्या घातलेले. सांगलीला खाटेवर पडलेला तो पोरगा आला. आणि लपवत कशाला, मीही आलो. मी स्वतःला सगळ्यांत आधी पाहिलं.

तसाच हंबीररावांच्या मळ्यावर गेलो. ते विहिरीपाशी बसून दाढी करत होते. मी सगळं सांगितलं. प्रश्न, गोळा, पिशवी, चौकी, चहा.

हंबीररावांनी वस्तरा पुसला. "नाथाजी, पक्कं हाय नव्हं? खबऱ्या म्हनलं की पोरं मागनं इचारत बसत न्हाईत. तळपायावर काठ्या घालत्यात. मानूस म्हैना म्हैना उभा ऱ्हात न्हाई."

पक्कं नव्हतं. माझ्याजवळ होतं ते इतकंच की तो हसला होता. पण मी म्हणालो, "पक्कं."

डॉक्टरांना मी यातलं काही बोललो नाही.

रविवार गेला. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला फौजदार स्वतः दवाखान्यात आला. बरोबर दोन शिपाई. डॉक्टर पेशंट तपासत होते, त्यांच्या हातातली नळी तशीच राहिली. फौजदार म्हणाला, मोटार बघायची आहे. मी त्याला मागे नेलं आणि कवाड उघडलं. आत मोटार उभी होती, आणि तिच्यात गाद्यांच्या जागी नुसत्या फळ्या आणि स्प्रिंगा.

फौजदार वाकून वाकून पाहत राहिला. मग शिपायाला म्हणाला, "म्हणजे खरंच आहे." आणि माझ्याकडे वळला. "गाद्या कधी काढल्या?"

शुक्रवार म्हणावं तर बुधवार मोकळा राहतो. दुसरा कुठला वार सांगावा, तर गुंडाने काय सांगितलंय कुणास ठाऊक.

फौजदारालाच माझ्या तोंडाची कीव आली असावी. "अरे, बोल की. गुंडा जीनगराने हवालदाराला सगळं सांगितलंय. गेल्या सोमवारीच गाद्या काढल्या ना? तू सोडा लावून कातड्याचा सत्यानाश केलास म्हणून परवा चौकीवर बसून तुला शिव्या घालत होता. सगळी चौकी हसली."

"व्हय सायेब," मी म्हणालो. "सोमवारीच काढल्या."

"फळ्यांवर बसून कोण जाणार इस्लामपूरला!" फौजदार शिपायाला म्हणाला, आणि निघून गेला.

मी आत जाऊन सांगितलं तसे डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "काय माणूस आहे रे हा गुंडा!" ते म्हणाले. "आपण एक शब्द सांगितला नाही, तरी..." पुढचं मी ऐकलंच नाही. मी मळ्याकडे पळत सुटलो होतो.

हंबीरराव बांधावर उभे होते. माझा चेहरा पाहून त्यांनी मी तोंड उघडायच्या आतच मान हलवली. "झालं ते काल दुपारीच. वढ्याला कातडं भिजवाय गेलता, तिथनंच नेला पोरांनी. काय झालं, नाथाजी?"

मी त्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांना नाही, हंबीररावांनाही नाही. नुसताच मागे फिरलो.

गुंडा सोप्यात पोत्यावर पडला होता. पायांना हळदीचा लेप, घोट्यापासून खाली पाय की भोपळे कळत नव्हतं. गाद्या भिंतीला तशाच उभ्या होत्या, आणि बनुबाई हुंदके देत देत मधल्या गादीवर तेल जिरवत होती, कारण दुसरा हात द्यायचा दिवस होता आणि तो चुकवू नको असं त्याने तिला बजावलं होतं.

मला पाहून त्याचा चेहरा उजळला. "आलास गड्या? बस. फौजदार आलता?"

"आलता."

"काय म्हनाला?"

"गाद्या सोमवारी काढल्या म्हनाला."

तो हसायला गेला आणि कळवळला. "हवालदारानं शुक्रवारचा माझा हातगाडा बघितला हुता. शनवारी धरलं मला, गाद्या कुनाच्या, कवा काढल्या. म्हनलं सोमवारीच काढल्या, टप्प्याटप्प्यानं नेतोय. त्यो रगताचा गोळा मांडीवर घिऊन बसलोवतो, नदीत टाकाय निगालो हुतो. चा कसा गिळला माझं मला ठावं." मग माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू बाळंतीन म्हनलास तवाच वळखलं मी. म्हनलं, गडी भ्यालाय, इचारायला नको. डॉक्टरनं माझ्या बनूला दोन डाव मरनातनं काढलीया. त्यांच्यासाठनं एवडं बी न्हाई करायचं?"

मला तिथेच त्याचे पाय धरावेसे वाटले. पण ते धरायच्या अवस्थेत मी ठेवले नव्हते.

"पोरांनी मला ओरडूच दिलं न्हाई रं," तो म्हणाला. "खबऱ्या म्हनलं मला. मी म्हनलं कुनी सांगितलं? तर म्हनलं, तुझ्याच जवळच्या मानसानं." तो जरा उठून बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं. मार खाताना आलं असेल नसेल, पण आता आलं. "रातभर इचार केला. कळलं मला कोन त्ये."

एका अर्थाने मला बरं वाटलं. म्हटलं, संपलं, आता हा माझ्या तोंडावर थुंकेल आणि मी सुटेन.

"अर्जुना," तो म्हणाला.

अर्जुना त्याचा धाकटा भाऊ. टांगा हाकायचा. दोघांच्या घरात एकच भिंत, आणि सणाला चूलही एकच.

"पोलीस त्याच्याच टांग्यातनं फिरत्यात. त्यानंच कायतरी आयकलं आन् उलटं सांगितलं कुनाला तरी. त्याच्याबिगर माझं जवळचं दुसरं हाय कोन? एक त्यो, आन् एक तू."

बनुबाईचा हात गादीवर थांबला. मी तोंड उघडलं. "गुंडा," म्हणालो. तो माझ्याकडे पाहत होता, पूर्ण विश्वासाने. लहान मूल आईकडे पाहतं तसा. मी विचारलं, "पाय लई ठनकत्यात का?"

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. अर्जुना येत होता. दोन्ही हातांनी मिठाच्या गरम पाण्याचं घंगाळ धरलेलं, पाणी हिंदकळू नये म्हणून खाली पाहत, सावकाश.

गुंडाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "नाथाजी," तो म्हणाला, "त्यो आत याच्या आधी कडी लाव."

मी उठलो. अर्जुनाने उंबऱ्यापाशी येऊन मान वर केली, मला पाहिलं आणि बाजूला सरकायची खूण केली. मी दार लोटलं आणि कडी लावली.