मेश बसवायचीय

"म्हस कुठंय?" त्रिंबकतात्यांनी विचारले.

सुग्रीवने मोटरसायकल लावली, डोक्याचा रुमाल सोडला आणि आधी हातातल्या पांढऱ्या खोक्याकडे, मग तात्यांकडे पाहिले. तात्या अंगणात नव्याकोऱ्या खुंट्याशेजारी उभे होते. खुंट्याला नवे दावे, बाजूला कडब्याच्या पेंढ्या, आणि पाण्याचे सिमेंटचे टोपले घासूनपुसून लख्ख केलेले.

"कोन्ती म्हस, तात्या? मी तर वायफायवाला हाय. पाटोद्याहून आलो."

"आरं, मंजुषाचा फोन आलता. म्हन्ली, घरात म्हस बसवायचीय, जागा करून ठेवा. सुग्रीव घेऊन येतोय."

आतून मंजुषा धावत बाहेर आली. ती काल रात्री अंधारातच पुण्याहून आली होती आणि थकून झोपली होती, त्यामुळे खुंटा आणि कडबा तिने आत्ताच पाहिला. क्षणभर तिला काही उमगेना, आणि उमगले तेव्हा ती उंबऱ्यावरच बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"तात्या, म्हस न्हाई ओ! मेश. मेश म्हनत होते मी. वायफायचे डबे असत्यात, दोन-तीन. एका घरात बसवायचे."

"मंग नीट सांगावं का न्हाई? फोनवर निस्ती खरखर. मला बी वाटलं, म्हस तर बांधत्यात, बसवत न्हाईत. पन म्हन्लं, पोरगी पुण्यात ऱ्हायली, बोली बदलली असंल."

दारात उभी असलेली भिवराबाई हसली नाही. आपल्या नवऱ्याने कडबा का आणला असेल हे तिला पक्के ठाऊक होते. दसरा झाला की घराला कुलूप लावून ऊसतोडीला निघायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. बैल संगे नेता येतात, पण दुभते जनावर कोण सांभाळणार? दारात म्हैस असणे म्हणजे घरात बारमाही माणूस असणे. आणि यंदा पहिल्यांदाच नवराबायकोंनी मुकादमाला नाही म्हटले होते. मंजुषा म्हणाली होती, तुम्ही दोघे आता कोयता खाली ठेवा, मी घरी राहून काम करते. एवढ्या एका वाक्यावर तात्यांनी खुंटा ठोकला होता.

पण मंजुषाचे घरी राहणे अजून ठरायचे होते. ती ज्या कंपनीत होती तिथे आजारी माणसांचे फोन घ्यायचे काम असे. कुणाला डॉक्टरची वेळ हवी, कुणाला औषध कधी येणार ते विचारायचे. साहेबांनी सांगितले होते, सोमवारी घरून पूर्ण पाळी करून दाखव. फोन एकदा जरी मध्येच तुटला तर परत पुण्याला यायचे, पुन्हा विचारायचे नाही. भिवराबाईने हे ऐकले तेव्हापासून ती सोमवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजत होती. लेक लहान असताना ती सुभद्राआत्याकडे राहायची, मोठी झाल्यावर वसतिगृहात आणि मग पुण्यात. पोटच्या पोरीबरोबर सबंध वर्ष भिवराबाईने कधी काढलेच नव्हते.

सुग्रीवने खोके उघडले. आत तळहाताएवढे गुळगुळीत पांढरे डबे. ना अँटेना, ना बटण. भिवराबाईने एक हातात घेऊन पाहिला. मिठाच्या पुड्यापेक्षा हलका.

"ह्याच्यात काय भरलंय?"

"मामी, ह्यो एक डबा मोहरच्या घरात, जिथं लाईन येती तिथं. दुसरा मागं ताईच्या खोलीत. दोगं एकमेकाशी बोलत्यात."

"बोलत्यात? आन् आपल्याला ऐकू कावून येत न्हाई?"

"आपल्यासाठी न्हाईच त्यांचं बोलनं," सुग्रीव म्हणाला, आणि भिवराबाईला ते एकदम पटले. लग्नात नाही का, सोयरे बाजूला जाऊन बोलतात.

पण डबे काही बोलेनात. पुढचे घर जुने, माळवदाचे. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचे धाबे. मागची खोली नवी, स्लॅबची. पुढच्या डब्यावर निळा दिवा लागला, मागचा लालच राहिला. सुग्रीवने तो कधी खिडकीत ठेवला, कधी कपाटावर. दिवा निळा व्हायचा, पुन्हा लाल.

"भिंतच खातीया," तो वैतागून म्हणाला. "ताई, बिनतारी जमायचं न्हाई. वायर टाकावी लागंल. भिंतीला भोक पाडू?"

"ह्या भित्तीला?" तात्या आडवे झाले. "पलीकडं देव हायत. देवाच्या पाठीत भोक पाडतो व्हय बे?"

सुग्रीवने हातातले ड्रिल मशीन गुपचूप खाली ठेवले. तसाही त्याचा गज त्या भिंतीत अर्ध्यावरच राहिला असता. सगळे जण भिंतीकडे बघत उभे राहिले. मंजुषाच्या चेहऱ्यावर पुण्याची बस दिसू लागली. भिवराबाई मात्र वर बघत होती. माळवदाला मधोमध साणे होते, चुलीचा धूर जायला ठेवलेला झरोका.

"साण्यातून सोडा की," ती म्हणाली. "वरून माळवदावरून न्यायची आन् मागं खिडकीत उतरवायची."

"बेस हाय," सुग्रीव म्हणाला. "ऊनपावसाची वायर हाय माझ्याकडं. पन शिडीवर कोन चढंल? माझा गुडघा धरलाय."

हा प्रश्न भिवराबाईला विचारण्यासारखा नव्हता. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढण्यात तिचा जन्म गेला होता. तिने पदर खोचला, वायरचे भेंडोळे चुंबळीसारखे डोक्यावर बसवले आणि शिडीला हातही न लावता, तोल सांभाळत वर गेली. खालून तात्या उगाच "हळू, हळू" करत राहिले.

"मामी, वायरीला पीळ देऊ नका," सुग्रीव ओरडला. "लई नाजूक असती. आत आठ तारा हायत."

पीळ देऊन आवळणे हे तर तिच्या हातात बसलेले. उसाच्या वाढ्याचा, शेंड्याच्या हिरव्या पानांचा, पीळ देऊन बांधलेली तिची मोळी कधी सुटली नव्हती. पण आता तिने बोटे सैल केली आणि तान्ह्या मुलाच्या अंगावर दुपटे घालावे तशी वायर माळवदावर पसरत नेली. कोपऱ्यावर वळण आले तिथे गोल वळवली. वाऱ्याने हलू नये म्हणून जागोजागी दगड ठेवू गेली, तर खालून पुन्हा आरडाओरडा, की दगड नको, चेपेल. मग तिने मातीचे ओले गोळे थापले.

खाली सुग्रीवने वायरचे टोक सोलले. आतून खरेच आठ तारा निघाल्या, केसासारख्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. त्या ओळीने लावून त्याने प्लास्टिकच्या टोपणात सारल्या आणि पकडीने दाबल्या. भिवराबाई शिडीवरून उतरून त्याच्या शेजारी बसली होती.

"ह्या एवढ्याशा तारंतून पोरगी पुण्याशी बोलनार?"

"पुन्याशी काय, अमेरिकेशी बी बोलंल."

दिवा लागलाच नाही. सुग्रीव चष्मा वर करून तारांकडे बघत राहिला आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. दोन तारांची जागा बदलली होती. टोपण कापून टाकले, पुन्हा रंग लावले, पुन्हा दाबले. या खेपेला मागच्या खोलीतून मंजुषाची आरोळी आली.

"निळा! माय, निळा झाला!"

भिवराबाई धावली. दिवा शांत, निळा, न लुकलुकणारा. तिने आपसूक हात जोडले आणि कुणी पाहिले का म्हणून लगेच सोडले.

"नाव काय देऊ?" सुग्रीवने मोबाइल हातात घेतला. "दोन्ही डब्यांना एकच नाव लागतं. मंग तुमी घरात कुठं बी जावा, डबा बदललेला फोनला कळत बी न्हाई."

"म्हस," मंजुषा म्हणाली. तात्या आधी रागावले, मग त्यांच्या मिशा हलू लागल्या.

मंजुषाने पुण्याच्या मैत्रिणीला व्हिडिओ लावला आणि बोलत बोलत ती घरभर फिरू लागली. पुढच्या घरातून स्वयंपाकाकडे, तिथून न्हाणीघर, अंगण, रिकाम्या खुंट्याला वळसा घालून पुन्हा मागची खोली. मैत्रिणीचे तोंड कुठेही अडकले नाही, आवाज तुटला नाही. तिच्यामागून भिवराबाई चालत होती, देवळात चालावे तशी, अनवाणी, न बोलता. लग्नापासूनचे घर तिला आज वेगळेच वाटत होते. भिंती होत्या तिथेच होत्या, पण त्यांच्या वरून, सभोवतालून काहीतरी येत-जात होते, आणि ते तिच्या अंगाला लागतही नव्हते.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी भिवराबाई हातात काठी घेऊन माळवदावर जाऊन बसली.

"आता वर काय?" तात्यांनी विचारले.

"वानरं. परवा शेजारच्या वत्सलाबाईच्या डिशची वायर तोडली त्यांनी."

"दिवसभर बसनार हायस?"

"उसाच्या फडात बसत व्हते का सावलीला?"

तात्यांनी शिडीवरून पाण्याची कळशी वर दिली आणि खाली येऊन अंगणातल्या कोंबड्या गोठ्यात कोंडल्या, कलकलाट नको म्हणून.

ऊन तापू लागले. रस्त्याने उशिराने निघालेला एक ट्रॅक्टर कारखान्याकडे गेला. मागे भांडी, पत्रे, पांघरुणे, शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेल्या बाया. एकीने हात केला. भिवराबाईने काठीचा हात वर केला. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. त्या ट्रॉलीत तिची जागा कुठली, हे तिला डोळे मिटून सांगता आले असते.

दुपारी वीज गेली. गावातल्या पिठाच्या गिरणीचा आवाज एकदम थांबला. ती माळवदाच्या कडेला ओणवी होऊन ओरडणार, तोच खालच्या खिडकीतून मंजुषाचा आवाज आला, तसाच, न थांबलेला. डबे इन्व्हर्टरवर टाकले होते हे भिवराबाईला कुणी सांगितलेच नव्हते. वीज नाही आणि आवाज चाललाय. ती तिथेच मातीत मांडी घालून ऐकू लागली.

लेकीचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. शुद्ध, संथ, काळजीचा. पलीकडे कुणी म्हातारी असावी.

"नाही आजी, मी कुठेही जात नाही. तुम्ही सावकाश सांगा. चष्मा शोधा आधी, मी थांबते. हो, ऐकतेय ना. फोन कट होणार नाही, मी आहे."

भिवराबाईने काठी मांडीवर आडवी ठेवली. 'मी हाय' असे फडावरून तीच ओरडायची, टेकाडावर चढून, मोबाइल आभाळाकडे धरून. इकडे सुभद्राआत्याच्या दारात पोरगी "माय, माय" करायची आणि फोन बंद पडायचा. पोरगी रडतेय की खेळायला पळाली, हे कळायला मार्ग नसायचा. लेकीला हे कुणी शिकवले, असे तिला विचारायचे होते, आणि विचारायचे नव्हते.

वानरे आली, चांगली पाच-सात. भिवराबाई उभी राहिली. तिने आवाज केला नाही, खाली बोलणे चालू होते. नुसती काठी उगारून, डोळे वटारून उभी राहिली. टोळीतला थोराड नर कडुलिंबाच्या फांदीवर बसून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. तिने नजर काढली नाही. शेवटी तोच वळला आणि बाकीची त्याच्यामागे वत्सलाबाईच्या घराकडे गेली.

सूर्य कलला तेव्हा खिडकीतून हाक आली. "माय! उतर खाली! साहेब म्हन्ले, लाईन ऑफिसपेक्षा भारी हाय. घरूनच करायचं, कायमचं!"

तात्या पेढे आणायला निघाले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले. भिवराबाई खाली आली. लेकीने मिठी मारली तेव्हा ती नुसतीच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. उन्हाने तोंड रापले होते. "पड जरा," एवढेच म्हणाली आणि पुढच्या घरात निघून गेली.

मंजुषा खाटेवर आडवी झाली, तोच तिचा मोबाइल वाजला. माय.

"माय? कुठं हायस?"

"हितंच. मोहरच्या घरात."

"मंग फोन कावून?"

"असंच. तुटतंय का बगते."

मंजुषा उठून बसली. मधे हातभर भिंत होती. तिला उठून चार पावलांत आईजवळ जाता आले असते. ती गेली नाही.

"न्हाई तुटत, माय."

"हां."

फडावर असताना भिवराबाईच्या मनात बोलायचे ढीग साठायचे. आता लाईन एवढी मोकळी होती आणि तिला एक गोष्ट आठवेना. मग तिने तेच विचारले, जे दरवेळी सगळ्यात आधी विचारायची.

"जेवलीस का?"

"जेवले."

"काय खाल्लंस?"

"तूच तर केलतं की, माय."

"सांग तरी. फोनवर हितपतूर कधी आलोच न्हाईत आपन, आधीच तुटायचा."

मंजुषा सांगू लागली, सावकाश, एकेक करून. बाजरीची भाकर. शेपूची भाजी. शेंगदाण्याची चटणी, वर थोडे तेल. भिवराबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकत राहिली.