किलोला तेराशे ग्रॅम

मी आता जे सांगणार आहे त्यातलं एक अक्षर तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला सवय आहे. इंग्लंडात वॉटफर्डला राहून एकेचाळीस वर्षं झाली आणि मराठी मंडळाच्या या हॉलमध्ये माझं कुणाला काही पटल्याचं आठवत नाही. तरी ऐका. दोन देशांत बीफच्या कोट्यावरून भांडण लागलं होतं, ते मी मिटवलं. मी. कौन्सिलच्या पार्किंग खात्यातून रिटायर झालेल्या विलासनं.

"विलासराव, समोर साबुदाण्याची खिचडी आहे," पिनरचे शशिकांत म्हणाले. "शब्द जपून."

"बीफ," मी आवाज चढवून म्हटलं. "तुमच्या खिचडीला नीट ऐकू आलं नसेल तर परत म्हणतो. बीफ."

आमची रंभा, म्हणजे ही पलीकडे पाच-पाच खुर्च्या एका झटक्यात उचलून रचतेय ती माझी बायको, हिची बेसिंगस्टोकजवळ इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कटिंग रूम आहे. हाडावरून मांस सोडवायचं, पॅक करायचं, परदेशी पाठवायचं. अकरा माणसं कामाला, दारावर पाटी तिच्या नावाची. लोक मला बाजूला घेऊन विचारतात, तुम्हाला काही वाटत नाही का हो? वाटतं की. माझ्या आजोबांना गाव मेलेली ढोरं ओढायला लावायचं. एके दिवशी त्यांनी दोर टाकला. गावानं दुकान बंद केलं, पाणी बंद केलं, पण त्यांनी दोर परत उचलला नाही. त्यांच्या नातसुनेनं सुरी उचलली ती स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या लायसन्सवर आणि भाव स्वतः ठरवून. यातला फरक ज्याला दिसत नाही त्यानं खुशाल खिचडी खावी.

शशिकांत खिचडी खाऊ लागले.

"पण कोटा म्हणजे काय, आजोबा?" शशिकांतच्या नातीनं, तनिषानं मला विचारलं. पोरगी इथलीच, युनिव्हर्सिटीत शिकते, मराठी जमेल तसं बोलते, पण प्रश्न नेमका विचारते.

कोटा म्हणजे असं बघ. समोरचा देश म्हणतो, वर्षाला तुमचं इतके टन बीफ आम्ही जवळजवळ बिनजकातीचं घेऊ. त्याच्यापुढच्या पहिल्या किलोला अशी जकात लावू की तुमचं गिऱ्हाईक फोनच उचलणार नाही. त्या टनांतला एक बारीकसा हिस्सा रंभाचा. त्याच्यावर ती अकरा घरं चालायची.

आता कोट्याची फेरमांडणी निघाली. टनांचा आकडा तोच ठेवायचा, असं दोन्ही देशांनी हसतहसत ठरवलं. फोटो काढले. आणि मग समोरच्या बाजूनं बारीक अक्षरात एक ओळ घातली. बिनहाडाचं मांस पाठवलंत तर त्यातून काढलेलं हाडही तुमच्याच कोट्यात मोजणार. एक किलो मांस पाठवा, आम्ही दीड किलो लिहू.

"म्हणजे नाही पाठवलेला हाडाचा पण वजन?" तनिषा म्हणाली.

बरोब्बर. आणि रंभा तर बिनहाडाचंच पाठवते, तोच तिचा धंदा. तिनं त्या संध्याकाळी टेबलावर हात आपटून सांगितलं, "किलोला तेराशे ग्रॅम लिहा म्हणावं, कशीबशी जगेन. दीड किलो लिहाल तर रूमला कुलूप."

लंडनमधल्या एका हॉटेलात दोन्ही बाजूंची बैठक होती. धंद्यातल्या काही माणसांना मागच्या रांगेत बसायची परवानगी होती. ऐकायचं, बोलायचं नाही, असं पत्रात ठळक अक्षरात लिहिलेलं. मी म्हटलं, ठीक आहे, आम्ही नाही बोलणार. आम्ही दाखवू.

मागचा एक अख्खा पाय घेतला. बेचाळीस किलोचा. पांढऱ्या कापडात गुंडाळला, वर निळं ब्लँकेट, टोकाला लोकरीची टोपी, आणि घातला नातवाच्या जुन्या प्रॅममध्ये. चाकं अशी कण्हत होती की रस्त्यावरच्या बायका थांबून माझ्याकडे रागानं बघायला लागल्या. हॉटेलचा दारवान वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, "हाऊ ओल्ड?"

"एकवीस महिने," मी म्हटलं. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

"दांडगा आहे हो वयाच्या मानानं."

"आईचं दूध," मी म्हटलं.

"नो वे!" तनिषा किंचाळली. "आजोबा, हे कोणच नाही करणार! प्रॅममध्ये?"

"प्रॅम खरी आहे," रंभा तिकडून खुर्च्या रचता रचताच म्हणाली.

बघा! घरची साक्ष! तर मी आत शिरलो. लांब टेबल, दोन्हीकडे झेंडे, पाण्याच्या बाटल्या. समोरच्या बाजूचा एक तज्ज्ञ पडद्यावर आलेख दाखवत होता. दीड हा आकडा कसा शास्त्रीय आहे, जगभर कसा मान्य आहे. आमच्या बाजूच्या अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. त्यांना दुपारची ट्रेन पकडायची असावी. मी प्रॅम ढकलत थेट टेबलापाशी गेलो, ब्लँकेट काढलं आणि पाय धाडकन मधोमध टाकला. पाण्याच्या बाटल्या आडव्या झाल्या. एक झेंडा पडला, कुणाचा ते सांगत नाही.

"सर, तुम्हाला बोलायची परवानगी नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मी कुठे बोलतोय?" मी म्हटलं. "हा बोलणार आहे."

रिसेप्शनवरून बॅगा तोलायचा काटा मागवला. पाय तोलला. बेचाळीस. त्या तज्ज्ञालाच आकडा वाचायला लावला. मग सुरी काढली आणि तिथेच, त्यांच्या कागदांवर, सगळं मांस सोडवलं. कुणी उठलं नाही. एक जण मोबाईलवर शूट करत होता, त्याला म्हटलं, अरे जवळ ये, नीट घे. हाडं वेगळी करून तोलली. साडेनऊ किलो. मांस साडेबत्तीस. करा भागाकार! किलोमागे तेराशे ग्रॅमसुद्धा पुरते भरत नाहीत.

तज्ज्ञ म्हणाला, "हे एकच जनावर झालं."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या हिशोबानं या पायात चौदा किलो हाडं पाहिजेत. उरलेली साडेचार किलो तुम्ही दाखवा. इथेच बसतो मी. तुमच्या शास्त्रातून काढा, खिशातून काढा, पण काट्यावर ठेवा. आमच्या माणसांना दुसऱ्यांच्या हाडांचं ओझं उचलायला लावायचे दिवस गेले."

तो खाली बसला. अध्यक्षबाईंनी ट्रेनचा नाद सोडला, चष्मा लावला आणि पेननं दीड खोडून तेराशे ग्रॅम लिहिलं. अकराच्या अकरा माणसं सोमवारी कामावर.

शशिकांतनी चमचा खाली ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, पटतंय बुवा यांना.

"पण आजोबा," तनिषा म्हणाली, "तुम्ही ते कापला कसा? शिकलात कुठे? मला दाखवा ना."

आता एवढ्या आदरानं कुणी विचारलं तर माणूस दाखवणारच. मी उठलो. कोट काढला, बाह्या वर केल्या. म्हटलं, काय अवघड आहे? हा पाय समजा. डाव्या हातानं असा धरायचा. उजव्या हातात सुरी. त्या दिवशी नवा कोरा सूट होता अंगावर, टाय खांद्यावर टाकला, सुरी हाडाला भिडवली आणि एका दमात अशी सर्रकन आपल्या पोटाकडे ओढली...

खुर्च्यांचा आवाज थांबला. रंभा हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"खोटं!" ती म्हणाली, आणि मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "लोखंडी साखळीचा ॲप्रन न घालता सुरी पोटाकडे ओढलीत? अहो, आतडी टेबलावर आली असती तुमची! कापलं मी. तोललं मी. त्या माणसाकडे साडेचार किलो हाडं मागितली ती मी. पत्र माझ्या नावाचं होतं, विलासराव, तुम्हाला त्यांनी आत सोडलंच नव्हतं!"