तांब्याभर वैनगंगा

लाइन सुरू झाली की आदेश घरी येणार होता, आणि ती मेली लाइन काही केल्या सुरू होत नव्हती. रंजीताच्या जिवाला एवढाच एक घोर. लग्न झालं आणि होळीच्या आत नवरा गडचिरोलीपल्याडच्या जंगलात गेला, तो तिकडचाच झाला.

कामही जगावेगळं. वीज कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड धरायचा, दाबून पाण्यासारखा पातळ करायचा आणि लोखंडी पाइपातून जंगलापार नेऊन जमिनीच्या पोटात सोडायचा. सगळं अजून चाचणीवरच. पाइपाच्या या तोंडाशी रंजीता कामाला, त्या तोंडाशी आदेश. फोन रोज व्हायचा, पण तो पाइपलाइनच्या स्टेशनचा, चारचौघांच्या कानावर पडणारा. त्यामुळे बोलणं काय, तर पाइपातल्या ओलाव्याचे आकडे. नव्या नवराबायकोनं ओलावा मोजत बसावं, आता हसावं की रडावं?

ओलाव्याचं काम मात्र जिवावरचं होतं. धुरातून काढलेल्या वायूत थोडं गंधक राहतंच. कोरड्या पाइपातून ते निमूट जातं, पण पाणी भेटलं की त्याचं तेजाब होतं आणि वाळवीसारखं आतून लोखंड खातं. पाइप रानात कुठं फुटला, तर हा वायू हवेपेक्षा जड. खोलगट जागी साचतो, गुरंमाणसं झोपल्या जागी गुदमरतात. म्हणून आधी पाइप खडखडीत वाळवायचा, मगच वायू सोडायचा.

दसऱ्याच्या तोंडावर ओलाव्याचा आकडा उतरला. "आता पाइप पुसाले शेवटचा बोळा फिरवला का झालं," आदेश फोनवर म्हणाला. "दिवाळी घरी." रंजीतानं त्याच दिवशी त्याच्या आवडीचे वाळले झिंगे डब्यात भरून ठेवले.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, पाइप पुसायचा स्पंजाचा बोळा या टोकातून सोडला, आणि तो त्या टोकाला पोचला तशी आदेशची मोबाइलवर रिंग आली. नेटवर्कसाठी टेकडी चढला होता, धापा टाकत होता.

"बोळा ओला निघाला. आकडाबी चढला. अन् बोळ्यावर लाल लाल काय लागलं हाय, समजून नाई राह्यलं."

रंजीताला समजलं. बोळा घालायला झाकण तिनंच उघडलं होतं आणि प्रसाद घ्यायला पाठ फिरवली होती. पहाऱ्यावर होते मनसाराम, तिचे सासरे.

"मामाजी, पाइपात काही टाकलं का तुमी?"

"हो ना," मनसाराम खुशीत म्हणाले. "गंगेचं पाणी. कुंकू घालून, तांब्याभर."

वैनगंगेच्या काठची ढिवर, मासे धरणारी माणसं ही. नव्या तळ्यात आधी जुन्या तळ्याचं पाणी घालायचं, नाहीतर तळं परकं राहतं, मासळी धरत नाही, अशी त्यांच्या घरची रीत. "एवढी नवी लाइन, अन् तिले कोरडीच पाठवता काय? म्हटलं, आपल्या नदीचं पाणी पोराकडं जाईन. लवकर सुटन बिचारा."

रंजीताला संताप आला आणि लगेच विरघळलाही. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हाताऱ्याला ओढ होती ती त्याच पोराची.

तिनं ते आदेशला सांगितलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "एवढ्या लंब्या लाइनीत तांब्याभर पाणी काय करते? मीटर बिघडलं म्हणतो मी. घरी येऊ दे न मले."

तिच्या जिभेवर हो आलं होतं. तो दारात उभा आहे असं तिला स्वप्नातसुद्धा दिसायचं.

"जीव लागला हाय माहा तुमच्याकडं," ती म्हणाली. "पण किती गावं हायेत मधात. असं नोका येऊ."

"सांग मंग साहेबाले," तो म्हणाला.

झाकण माझ्या ताब्यात होतं, पाणी आत गेलं, एवढंच तिनं साहेबांना सांगितलं. पाइप पुन्हा पहिल्यापासून वाळवायचा ठरला. दिवाळीची सुटी गेली. घरी येऊन तिनं डब्यातले झिंगे पुन्हा उन्हात पसरले, दमट होऊ नयेत म्हणून.

मनसाराम तिथंच बाजेवर बसले होते.

"रंजीता, ते पाणी पोराकडं पोचलं का?"

त्याच पाण्यानं तुमचं पोर अडवलं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिनं झिंगे हातानं सारखे केले.

"पोचलं, मामाजी," ती म्हणाली. "कुंकू लागलं त्याईच्या हाताले."