राखेतून जन्मलेले मासे

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मासेमहाराज माझ्या ताईच्या तराफ्यावर उभे होते आणि अर्धं गाव हात जोडून बघत होतं. महाराजांनी डोळे फिरवले, अंगात आल्यासारखे थरथरले, दणादण पाय आपटले आणि मूठभर राख पाण्यात टाकली. लगेच तराफ्याखाली मासे उसळले.

"माझ्या राखेतून जीव जन्मतो," महाराज म्हणाले. "टाका जाळी. जितके काढाल तितके मी परत देईन."

या गृहस्थांना साधं पोहता येत नव्हतं, पण जिभेला हाड नव्हतं. गेले दोन महिने हेच चाललं होतं आणि आमच्या शहाण्यांनी बारीक जाळी टाकून बोटाएवढी पिल्लंही उपसली. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, त्यामुळे कोण कुठे जातं ते मला कळतं. पलीकडच्या प्रवाळखडकाकडे आता कोणी फिरकत नव्हतं. तिथे मासाच उरला नव्हता.

ताई अशा तराफ्यांच्या दोऱ्यांवर समुद्री शेवाळ वाढवते. नवरा गेल्यापासून त्यावरच तिचं घर चालतं. त्या दिवशी महाराजांनी फर्मान काढलं, "हे शेवाळ उपटा. इथे मोठं जाळं लागेल."

ताईचा दीर कोयता घेऊन पुढे झाला. महाराजांचा पहिला भक्त तोच.

ताई तराफ्यावर चढली. "महाराज, पुन्हा राख टाका. फक्त पाय हलवू नका."

"देवाला अटी घालतेस?"

"देवाला नाही, तुम्हाला."

लोक बघत होते, त्यामुळे महाराजांना माघार घेता येईना. त्यांनी राख टाकली. ती पाण्यावर तरंगत राहिली. एक मासा फिरकला नाही. मग ताईने वाकून नुसती दोरी हलवली आणि पाणी माशांनी भरलं.

दिराने कोयता खाली ठेवला. "वहिनी, मग एवढे मासे आले कुठून?"

"खडकावरून, भाऊजी. काही शेवाळ खायला येतात, पिल्लं लपायला येतात. पाय आपटून दोरी हलली की शेवाळाचे तुकडे आणि किडे सुटतात, त्यावर सगळे तुटून पडतात. मासे इथे जमतात, जन्मत नाहीत. तुम्ही खडकावरचेच मासे इथे पकडलेत, पिल्लांसकट." ती थोडी थांबली. "माझंही चुकलं. चार तराफे मी तिकडे प्रवाळावरच बांधले. सावलीने ते मरतं. उद्या हलवते."

महाराज दुपारच्या बसने पसार झाले. त्यांचं राखेचं पोतं मागेच राहिलं. राख बेकरीच्या भट्टीतली होती.

त्या वर्षी खडक ओसाडच राहिला. आता तराफ्यांखाली जाळी टाकायची नाही असं ठरलंय आणि खडकावर पुन्हा थोडी पिल्लं दिसू लागलीत. ती कोणाच्या मंत्राने आली नाहीत. आपण त्यांना वाढू दिलं, म्हणून आली. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी, जे रोज त्या पाण्यात उतरतात त्यांना विचारा.