शेवटाआधी थांबवलेला सिनेमा

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकांना चर्चमधली पोरं त्यांच्या पाठीमागे 'थांबकाका' म्हणायची, आणि त्यात पोरांची काही चूक नव्हती. दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या सभागृहात सगळ्या कुटुंबांसाठी एक कार्टूनचा सिनेमा दाखवला जाई. काका पडद्याशेजारी खुर्ची टाकून रिमोट घेऊन बसत. पडद्यावर कुणी जादू केली, कुणी आईबापांना उलट उत्तर दिलं की बटण दाबून ते दिवे लावत आणि विचारत, "सांगा, प्रभूला हे आवडेल का?" पोरं एका सुरात "नाही" म्हणत. तसं म्हटलं की सिनेमा लवकर पुढे सरकतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. काकांना मात्र आपल्या शिकवणीचंच कौतुक वाटे.

पाळकांनी सिनेमे निवडायचं काम त्यांच्यावर सोपवलं, तेव्हापासून गृहस्थाला चांगलीच शिंगं फुटली होती. प्रत्येक सिनेमा ते आधी एकट्यानं तपासत. आक्षेपाची जागा सापडली की तपासणी तिथेच बंद, आणि शनिवारी थांबायचं तेही तिथेच. पुढचं बघायची त्यांना गरजच वाटत नसे. "डोळ्यात मोतीबिंदू दिसला की मी पायाची बोटं तपासत बसत नाही," असं ते ऐटीत सांगत, आणि लोक हसत.

त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी सध्या त्यांच्याकडे राहत होती. भाऊ ट्रकवर, कायम बाहेरगावी. भावजय दुखण्यातून उठलीच नाही. दफनाच्या वेळी पुतणीचा ओठ थरथरायला लागला, तेव्हा काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून बजावलं होतं, "रडायचं नाही. आई प्रभूजवळ गेली आहे. रडलीस तर तुझा विश्वास कच्चा, असं होईल." पोरगी रडली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. काका हे चारचौघांत अभिमानानं सांगत आणि काकू उठून आत जात.

त्या पोरीनं एकच गोष्ट मागितली होती. इस्पितळात आईच्या कुशीत बसून ती पाणमांजराच्या पिल्लाचा सिनेमा बघत होती. पिल्लाची आई बर्फाखाली अडकते, तिथपर्यंत आलं आणि भेटीची वेळ संपली. "शेवट घरी आल्यावर दोघी मिळून बघू," आई म्हणाली होती.

"काका, मला त्याचा शेवट बघायचाय," पुतणी म्हणाली.

"अहो, लावा ना तेवढा. पोर काही मागत नाही कधी," काकूंनी तिची बाजू घेतली.

"शनिवारी सगळ्यांबरोबर बघेल. आधी मला तपासू दे," काका म्हणाले. त्यांनी तपासल्याशिवाय घरात काही लागत नसे.

दुपारी दुकान बंद ठेवून त्यांनी सिनेमा लावला. पिल्लू बर्फावर बसून रडतं, त्याचं एक टपोरं आसू खाली बर्फावर पडतं, संगीत चढत जातं. काकांनी तिथेच बटण दाबलं. पुढे काय होणार ते उघड होतं. आसवांनी बर्फ वितळणार, आई उठणार, सगळे नाचणार. मेलेल्यांना उठवणं म्हणजे काय पोरखेळ आहे? आणि आपल्या पुतणीनं हे बघितलं तर ती कसली आशा धरून बसेल? त्यांना पोरीचा कळवळा आला, आणि तो खराच होता. पण शनिवारी तिलाच पुढे उभं केलं तर सगळी मंडळी हेलावून जाईल, हेही त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात आलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

शनिवारी पुतणी वेणी घालून पहिल्या रांगेत बसली होती. आसू पडलं आणि ती खुर्चीच्या टोकाशी सरकली. काकांनी बटण दाबून दिवे लावले.

"आता या पिल्लाची आई उठणार," काका सगळ्यांना म्हणाले. "रडलं की मेलेलं माणूस परत येतं, असं हा सिनेमा शिकवतो. खरं असतं का हे?"

"नाही," पोरं म्हणाली.

"इकडे ये बाळा." त्यांनी पुतणीला पुढे बोलावलं. "तुझी आई गेली. तू रडली असतीस, तर ती परत आली असती का?"

पुतणीनं पडद्याकडे बघितलं. आसू बर्फावर तसंच थांबलेलं होतं.

"मी रडलेच नाही," ती म्हणाली. "तुम्हीच नको म्हणालात."

काकांनी "बरोबर, बरोबर" म्हणत कसंबसं दोन वाक्यांचं भाषण केलं, प्रार्थना उरकली आणि सिनेमा पुढे न लावताच मंडळींना घरी जायला सांगितलं. पुतणी सगळ्यांच्या आधी बाहेर गेली होती.

खुर्च्या एकावर एक रचताना काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या हातातला रिमोट हिसकावून घेतला. "आता पुढचं बघा तरी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

बर्फ वितळला नाही. पिल्लू रडून रडून थकलं. इतर पाणमांजरं येऊन गुपचूप त्याला खेटून बसली. मग ऋतू बदलला, बर्फ आपसूक फुटला, आणि नदी आईला घेऊन गेली. पिल्लानं ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं आणि सगळ्यांबरोबर पाण्यात उडी मारली. सिनेमा संपला. यात जादू कुठेच नव्हती.

काका अंगणात धावले. पुतणी नळापाशी पाठमोरी उभी होती. तिनं बाही वर सरकवली होती आणि ती स्वतःच्या दंडाला चिमटे काढत होती. दंड लालेलाल झाला होता.

"चल आत, शेवट दाखवतो तुला," काका म्हणाले. "मी चुकलो गं. ती आई उठत नाही."

"उठते," पुतणी म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत, सगळ्यांसमोर."

"मी बघितलंच नव्हतं पुढचं! देवाशपथ सांगतो."

हे असलं काही तिच्या गावीही नव्हतं. थांबकाका सिनेमा बघितल्याशिवाय बोलतील, हे कुठल्या पोराला खरं वाटलं असतं? तिनं आणखी एक चिमटा काढला, डोळे मिटून वाट बघितली आणि कोरडेच उघडले.

"येतच नाहीये, काका," ती म्हणाली. "कसं रडायचं ते सांगा ना. उशीर झाला तर चालतं का?"