रेश्माला कुणी विचारलं नाही

रहिमतपूरजवळच्या एका वाडीत रेश्मा ब्लाऊज शिवायची. तिच्या हातचा गळा खांद्यावरून ओघळत नाही, असं बायका म्हणायच्या आणि लग्नसराईत तिच्या ओटीवर कापडांचा ढीग पडायचा. नवरा विश्वजीत फौजेत होता. घरात सासू बनुबाई आणि शाळेत जाणारी मुलगी.

एके दिवशी आंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या छातीत बोराएवढी गाठ लागली. तिनं ती लपवली नाही. त्याच आठवड्यात कोरेगावला जाऊन दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगलीच्या एका इस्पितळात पाठवलं. तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला. विश्वजीत सुट्टी टाकून धावत आला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी विश्वजीतला केबिनमध्ये बोलावलं. रेश्मा बाहेर सासूजवळ बसून राहिली. थोड्या वेळानं तो आला आणि खाली बघत म्हणाला, "समदं काढावं लागतंय." बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. रेश्मानं मान हलवली. जे करावंच लागतं त्याला कोण काय म्हणणार, असं तिला वाटलं.

ऑपरेशन वेळेवर झालं. औषधंही नीट लागू पडली. केस गेले आणि परत आले. विश्वजीत पुढं पेन्शनवर घरी आला, ऊस बघू लागला. रेश्मानं स्वतःसाठी एका बाजूला कापसाचं अस्तर लावून ब्लाऊज शिवले, पण बाहेरची कापडं घेणं बंद केलं. दुसऱ्या बाईच्या छातीला टेप लावणं आता सोसत नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. बायकांना ती म्हणायची, "डोळं दुखत्यात."

दोन वर्षांनी सांगलीहून वल्लरी नावाची मुलगी आली. इस्पितळानं आपल्याच कामाची तपासणी करायला घेतली होती. छातीच्या कॅन्सरच्या बायकांना उपचार कसे मिळाले, किती थांबावं लागलं, नीट सांगितलं गेलं का, हे मोजायचं होतं. ऑपरेशन झालेल्या बायकांना घरी भेटून विचारण्याचं काम वल्लरीकडे होतं.

रेश्मानं चहा केला. विश्वजीत परड्यात म्हशीला वैरण टाकत होता. वल्लरीचे प्रश्न साधे होते आणि रेश्माची उत्तरं चांगली होती. थांबावं लागलं का? न्हाई. नर्स नीट वागल्या का? लय चांगल्या. दुखलं तर औषध मिळालं का? व्हय.

मग वल्लरीनं विचारलं, "गाठ लहान असली तर नुसती गाठ काढून बाकीचं राखता येतं. नंतर महिनाभर रोज मशीनवर किरणांची लाईट घ्यावी लागते. नाहीतर सगळं काढायचं. हे दोन्ही मार्ग तुम्हाला सांगितले होते का?"

रेश्मानं कप ओठांपासून दूर धरला. "म्हंजी?"

वल्लरीनं तेच पुन्हा, अजून सावकाश सांगितलं. सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं की ही बाई हे आज पहिल्यांदा ऐकते आहे.

"माझी गाठ ल्हान हुती का मॅडम?"

वल्लरीनं रिपोर्ट वाचून ठेवले होते. सर सांगतील, असं म्हणून सुटता आलं असतं. "हो ताई," ती म्हणाली. "लहान होती."

"राखता आलं असतं?"

"हो."

"आन् जिवाला?"

"दोन्हीत जिवाला सारखंच."

रेश्मानं कप खाली ठेवला. मग परड्याकडं तोंड करून नेहमीच्याच आवाजात हाक मारली, "आवं, जरा आत या."

विश्वजीत हात पुसत आला. तिनं त्याला बसायलाही सांगितलं नाही. "डॉक्टरनी तुमास्नी दोन वाटा सांगितल्या हुत्या?"

त्यानं वल्लरीकडं पाहिलं, मग बायकोकडं. "व्हय."

"मंग?"

"माझी सुट्टी संपत आलीवती. म्हैनाभर रोज तुला सांगलीला कोन नेनार? आईचं गुडघं तसलं. आन् मला भ्या वाटलं, रेश्मा. समदं काढलं की दुखणं परत यायचं न्हाई, आसं वाटलं. डॉक्टर म्हनत हुते सारखंच हाय. पर माझं मन घेईना."

"मला का न्हाई इचारलं?"

"तू रडली आसतीस."

"रडून सांगितलं आसतं की."

विश्वजीत दाराच्या चौकटीला टेकला. रेश्मा आता त्याच्याशी बोलत नव्हती, जमिनीकडं बघत होती. "कुनाला ठावं, मीबी म्हनले आसते समदं काढा. लेकीकडं बघून म्हनलेबी आसते. पर ते मी म्हनले आसते."

आतून बनुबाईंच्या हुंदक्यांचा आवाज आला. वल्लरीला पुढचं विचारता येईना. ती उठली तेव्हा रेश्मा तिला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. "तुमी वाईट वाटून घिऊ नगा," ती म्हणाली. "तुमी इचारलं म्हनून कळलं."

सांगलीला परत गेल्यावर वल्लरीनं डॉक्टर अनीशना सगळं सांगितलं. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. इस्पितळाचे बाकीचे आकडे उत्तम आले होते आणि ते खुशीत होते.

"मी तिच्या नवऱ्याला नीट समजावलं होतं," ते म्हणाले. "अर्धा तास बसलो होतो त्याच्याजवळ."

"हो सर. ती बाहेर होती."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "अशा किती असतील?"

"अजून सगळ्यांकडं गेले नाही. पण ही पहिली नाही."

त्यानंतर त्या इस्पितळात बाईला आधी आत बोलावून, तिच्याशी बोलून मगच घरच्यांना बोलावण्याची पद्धत पडली. रेश्माला त्याचा काही उपयोग नव्हता.

ती पुढं नेहमीच्या तपासणीला सांगलीला गेली तेव्हा डॉक्टरांनी तिला एकटीला बसवलं. "तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, पोटाची कातडी आणि चरबी घेऊन नवी छाती करता येते, मोठं ऑपरेशन असतं, घाई नाही, हवा तेवढा विचार करा. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दुखतं किती, जखम भरायला किती लागतं, हेही विचारलं. मग म्हणाली, "नगं."

परतीच्या गाडीत विश्वजीत तिच्या शेजारी बसला होता. त्या दिवसापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. कराड गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "का नगं म्हनलीस? म्हैनाभर ऱ्हावं लागलं तरी मी ऱ्हातो की आता."

रेश्मा खिडकीबाहेर उसाच्या फडांकडं बघत होती.

"नवी घिऊन काय करू," ती म्हणाली. "माझीच पायजे हुती."

त्यानं तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण बोटंही मिटली नाहीत. रहिमतपूर येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.